मळवलेले कोट

चित्रीकरणाच्या तळावर सगळ्यांच्या आधी ओफेलिया अर्रियागा उठायची. कपड्यांच्या तंबूमागे मोठं चुलाण होतं. त्यावर ती तांब्याचे दोन हंडे चढवायची, खाली वाळक्या काटक्या आणि ओंडके सारायची, आणि पाण्याला आधण येईपर्यंत दोरीवरचे लाल कोट एकेक करून उतरवायची. त्या पाण्यात घोडेस्वारांच्या दाढ्या व्हायच्या, अंगावरचा आदल्या दिवशीचा तपकिरी रंग निघायचा. कोटांचं काम मात्र हंड्यांपासून दूर, तंबूच्या तोंडाशी चालायचं. खांद्यांवर खरखरीत दगड घासला की तिथला लाल रंग उन्हाने विटल्यासारखा दिसतो. कोपरांना मेण, काठांना मुलतानी माती. गळ्याशी घामाची रेघ उमटावी म्हणून चहाचं पाणी—थेंब थेंब, कापसाने. लॉस एंजेलिसहून आलेला कोरा कोट पडद्यावर खोटा दिसतो. तो मोहिमेत झिजला आहे असं वाटावं म्हणून ओफेलियाने महिनाभर आपली बोटं झिजवली होती.

"पोरी, कोट घेऊन हंड्यांकडे सरकू नकोस," कपडेखात्याच्या प्रमुख मिसेस लिंडक्विस्ट रोज बजावायच्या. "लोकर आहे ती. उकळतं पाणी लागलं, की सार्जंटचा कोट बाहुलीला घालायचा!"

लोन पाइन गावाजवळच्या खडकांमध्ये चाललेला चित्रपट सर हेक्टर मालग्रेव्ह यांच्या जीवनावर होता. सर हेक्टरनी हिंदुस्थानातल्या एका डोंगरी राज्याचा पाडाव केला होता. त्या राज्याचं नाव तळावर कुणालाच नीट उच्चारता येत नसे. तिथल्या लोकांना सगळे 'तिकडचे' म्हणत. तिकडचे लोक आणि इकडचे सैनिक, दोन्ही कामं तेच घोडेस्वार करत. सकाळी लाल कोट, दुपारी पागोटं आणि अंगाला तपकिरी रंग.

त्यामुळेच एके सकाळी तिच्या हाती एक असा कोट आला, ज्याच्या कॉलरला आतून तपकिरी डाग होता. कोटाचा मालक समोरच उभा होता. उंच, थोडा वाकलेला, हातातली टोपी उगाच फिरवणारा.

"हा डाग कसला?" तिने विचारलं.

"बंडखोराचा आहे, मिस. काल मी त्याला ठार केलं."

"आणि बंडखोर कोण होता?"

"मीच."

ओफेलियाने ओठ दाबले, पण हसू निसटलंच. "बसा. मान वाकवा."

तिने कोल्डक्रीममध्ये कापूस बुडवला आणि त्याच्या कानामागचा रंग पुसू लागली. त्याच्या मानेवर शहारा आला, तो तिला दिसला... आणि तिला दिसला हे त्याला कळलं.

"अजून किती वेळ?"

"बंड मोडेपर्यंत."

"मग सावकाश मोडा." थोडं थांबून त्याने विचारलं, "हा रंग मला शोभतो का?"

"माझ्या भावाला तो जन्मतःच फुकट मिळाला आहे. तुम्हाला फासायला मात्र माणूस ठेवावा लागतो."

तो मोठ्याने हसला. मग टोपी फिरवायची थांबवून "खरं आहे," म्हणाला. त्याचं नाव ओरेन टॅकेट.

मग तो रोजच येऊ लागला. रोज कानामागे तोच डाग. शेवटी क्लेम हार्गिसने गुपित फोडलं. क्लेम हा स्वारांमधला सर्वांत जुना गडी. घोड्यासकट पडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"ए मुली, तुला फसवतोय हा! काल याचं पागोट्याचं काम नव्हतंच. रंगाच्या बादलीत बोट बुडवून स्वतःच फासून आलाय, मी पाहिलंय!"

"क्लेम, गप्प बस!" ओरेन लाल झाला.

"बघ, आता तर कोटाचीही गरज नाही," क्लेम म्हणाला.

त्या दिवसापासून ती ओरेनला 'तू' म्हणू लागली.

जेवणाच्या सुट्टीत दोघं खडकाच्या सावलीत बसत. तो बिशप गावाजवळच्या काकाच्या सफरचंदांच्या बागेविषयी बोलायचा. काका थकला होता. बागेचा हिस्सा विकत देणार होता. त्यासाठीच ओरेन तारेवर पडणाऱ्यांत नाव देणार होता. तारेवर पडणाऱ्याला दिवसाला इतरांच्या कितीतरी पट पैसे मिळत.

"तार म्हणजे नेमकं काय करतात?"

ओरेन टोपीकडे पाहत बोलू लागला. "घोड्याच्या पुढच्या पायांना पट्टे बांधतात. पट्ट्यांना तार, तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला. घोडा भरधाव सुटतो... तार संपते. पाय जागीच राहतात, बाकीचा घोडा पुढे जातो."

"आणि स्वार?"

"स्वाराला जागा ठाऊक असते. त्याला उडी घेता येते. घोड्याला ठाऊक नसते." मग हलकेच, "हे संपल्यावर... बागेत माझ्याबरोबर येशील?"

"आधी दोन पायांवर चालत ये," ती म्हणाली. "मग विचार." पण तिचा हात तिने त्याच्या हातातून काढून घेतला नाही.

चित्रपटातल्या मोठ्या हल्ल्याच्या दिवशी वारा पडला होता. सर हेक्टरच्या भूमिकेतले मिस्टर थॉर्ली तलवार उंचावून टेकडीवर उभे राहिले. लाल कोटांची रांग धुरळा उडवत सुटली आणि खुंटांची रेघ आली तेव्हा घोडे डोक्यावर आपटत गेले. तो आवाज ओफेलियाने तंबूतून ऐकला—लाकडं फोडल्यासारखा, आणि त्यामागून किंचाळणं. आधी तिला ती माणसं वाटली. ते घोडे होते.

ओरेन त्या दिवशी मागच्या रांगेत होता. क्लेम पुढच्या. क्लेमने उडी घेतली. पण बाजूचा घोडा कलंडला तो त्याच्या अंगावर. गाडी दवाखान्यापर्यंत पोचण्याआधीच तो गेला. मोडक्या पायांच्या घोड्यांवर खडकांमागे गोळ्या झाडल्या गेल्या. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मिस्टर थॉर्ली तोंडावर हात ठेवून खुर्चीत बसून राहिले.

संध्याकाळी दिग्दर्शक मिस्टर ब्रॅडक यांनी सर्वांना बोलावलं. त्यांचे डोळे खरोखरच रडून सुजले होते.

"धुळीमुळे सर हेक्टर दिसलेच नाहीत," ते म्हणाले. "घोडे परवा परत द्यायचे आहेत, मिस्टर थॉर्लींची गाडीही परवाच. तेव्हा उद्या सकाळी पुन्हा घेऊ. क्लेमचं मरण फुकट जाऊ नये... म्हणूनच घ्यायचं."

माणसं टोप्या चढवून पांगली.

तंबूत मिसेस लिंडक्विस्टनी ओफेलियाच्या मांडीवर एक कोट ठेवला. पाठीत उसवलेला. "हा शिवून ठेव, पोरी. क्लेमच्या मापाचा टॅकेटच आहे. उद्या पुढच्या रांगेत तो." त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "डाग धुऊ नकोस. बाकीच्यांशी जुळेल."

ओफेलिया दोरा ओवून बसली. तो डाग तिने केलेला नव्हता. महिनाभर ती खोटे डाग इतक्या मन लावून करत होती, की हा खरा डागही कोटावर अगदी त्यांच्यासारखाच दिसत होता.

ओरेन आला आणि दारातच थांबला. त्याच्या कानामागे रंग नव्हता.

"नाही म्हण," ती म्हणाली.

"म्हटलं तर त्या नव्या पोराला, नेडला घालतील. त्याने तार कधी पाहिलेलीसुद्धा नाही. त्याने नाही म्हटलं तर गावातून कुणी आणतील." तो खाली बसला. "माणसं संपत नाहीत, ओफेलिया. कामाला रोज फाटकाशी रांग असते."

"आणि बाग?"

"बागेचं आता नावही काढवत नाही." त्याने क्लेमच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला. "मला भीती वाटते. हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही."

तिने सुई खाली ठेवून त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो गेल्यावर तिने उरलेले टाके घातले. नीट, जवळजवळ, नेहमीसारखे. मग तिची नजर दोरीवर गेली. माणसं संपत नव्हती. नव्या घोड्यांनाही तार बांधता येत होती. कोट मात्र एवढेच होते, आणि नवे शिवून मळवायला आठवडे लागत.

सकाळी ओफेलिया सगळ्यांच्या आधी उठली. हंडे चढवले, काटक्या सारल्या. आधण येईपर्यंत तिने दोरीवरचे कोट एकेक करून उतरवले आणि हातावर त्यांची चळत केली. पाणी खळखळू लागलं. पहिल्या कोटाच्या वेळी तिचा हात क्षणभर अडला—खांद्यावरची ती विटलेली छटा तिला फार छान साधली होती. मग तिने तो पाण्यात सोडला. लोकरीचा ओला, कडवट वास आला. दुसरा. तिसरा. लाकडी दांड्याने ती ढवळत राहिली. पाणी लाल झालं, काठावर तांबडा फेस साचला. बाह्या आखडून आत ओढल्या जाऊ लागल्या.

"ओफेलिया...?"

ओरेन तंबूच्या कडेला उभा होता. पुढच्या रांगेचा कोट न्यायला आला होता. त्याने हंड्यांकडे पाहिलं, रिकाम्या दोरीकडे पाहिलं. तिच्या हातात आता एकच कोट उरला होता.

"आज काही होणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या चित्रपटात पुन्हा तारा बांधतील, मला माहीत आहे. पण आज नाही."

"तुला पुन्हा कुठल्याच तंबूत उभी करणार नाहीत."

"नाही."

"मला इथे कुणी पाहिलं, तर मलाही नाही."

"म्हणून म्हणते, तू जा. तू इथे आलाच नव्हतास."

तो गेला नाही. तिने क्लेमचा कोट हंड्यावर धरला. पण बोटं सुटेनात. वाफेने तिचा चेहरा भिजला होता.

ओरेनने टोपी काढून जमिनीवर ठेवली. तिच्या बोटांतून कोट हलकेच सोडवून घेतला, बाह्या आत दुमडून त्याची नीट घडी केली आणि पाण्यात सोडला. मग तिच्या हातातला दांडा घेऊन तो कोट पार तळापर्यंत दाबला.

"काकाच्या बागेत," तो न वळता म्हणाला, "मजुरीवर दोन माणसं लागतात."

ओफेलियाने वाकून चुलाणात आणखी एक ओंडका सारला.