मधल्या खुर्चीचा मान

"हातोडी कोठी हाय, ते कोणाले ठाव असन तर सांगा," देवेंद्र भिंतीकडे पाहत म्हणाला.

खोलीत ललिताशिवाय दुसरं कोणीच नव्हतं! नऊ वर्षांनी घरी आलेला तिचा धाकटा भाऊ... त्यानं भिंतीला विचारलं, पण बहिणीला विचारलं नाही.  ललिता उठली, शिलाई मशीनच्या खणातून हातोडी काढली आणि त्याच्या पायाशी ठेवून दाराआड जाऊन उभी राहिली.

२००४ सालची दिवाळी होती ती. भिलाईहून देवेंद्र, त्याची बायको अपूर्वा आणि सात वर्षांची ओवी सकाळीच बालाघाटला उतरले होते, आणि ऑटोरिक्षात माणसांपेक्षा खोकीच जास्त! बाबांना, म्हणजे चिंतामणरावांना, हल्ली टीव्हीवरचं बोलणं नीट ऐकू येत नसे, म्हणून लेकानं होम थिएटर आणलं होतं. पाच लहान स्पीकर आणि पेटीएवढा जड वूफर. बाबांनीच फोनवर "यंदा तरी ये रे" म्हणून विनवलं होतं, म्हणून तो आला होता. बहिणीसाठी नव्हे... हे ललिता पुरतं ओळखून होती.

तिचा अपराध तरी कोणता? देवेंद्रनं अपूर्वाशी लग्न ठरवलं, तेव्हा मुलगी परजातीची म्हणून बाबा त्याच्या माघारी संतापले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वारासिवनीला अपूर्वाच्या घरी धाडायचं नकाराचं पत्र लिहायला त्यांनी ललिताला बसवलं. ती रडली, पाया पडली, पण बैहरच्या वन खात्यात उभी हयात हुकूम काढण्यात घालवलेल्या त्या माणसापुढे तिचं काही चाललं नाही. विषासारखा एकेक शब्द ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. आठवड्याभरात बाबांना हृदयविकाराचा झटका आला, आणि तेच पत्र हातात घेऊन देवेंद्र दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्यापुढे उभा राहिला.

"हे अक्षर तुयं हाय का नाही?"

आत बाबा मरणाशी झुंजत होते. मनाला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि खरं सांगितलं असतं तर हा मुलगा बापाला कायमचा पारखा झाला असता!

"हौ, मायंच हाय," ललिता म्हणाली. "मीच लिवलं. मायाच मनानं."

"तुयं सोताचं लगन जमलं नाही, म्हणून मायं मोडून राह्यली तू?"

तो घाव तिनं नऊ वर्षं उरात जपला. देवेंद्रचं लग्न भिलाईतच झालं. शाळेतली नोकरी सांभाळून ती बाबांचं औषधपाणी करत राहिली, आणि भावाचा फोन आला की रिसीव्हर मुकाट्यानं बाबांच्या हाती देत राहिली. पुढे ऑपरेशन होऊन बाबांचे डोळे उघडले... तोंड मात्र उघडलं नाही!

"बुआ, ये पकड़ो ना!" ओवीनं तिचा पदर ओढला. त्या पोरीला मराठी समजे, पण बोलायची ती हिंदीच. मोठ्यांचा अबोला तिला काय ठाऊक! तिनं तारेचं वेटोळं आत्याच्या हातात कोंबलं आणि दोघी भिंतीच्या कडेनं तार पसरू लागल्या. देवेंद्रनं ठोकलेला पहिलाच खिळा वाकडा गेला, दुसरा उडून वूफरच्या मागे पडला, आणि त्याला शोधायला दोघी एकदमच वाकल्या तेव्हा कपाळावर कपाळ आपटलं! ललिता खळखळून हसली... असं हसून तिला किती वर्षं झाली होती, देव जाणे!

टीव्हीच्या दोन्ही अंगांना एकेक स्पीकर, एक टीव्हीवर, दोन मागच्या भिंतीला. देवेंद्रनं बटण दाबलं, तसा 'खर्रर्र' असा आवाज एका स्पीकरमधून दुसऱ्यात जाऊ लागला आणि ओवी टाळ्या पिटत त्याच्यामागे धावू लागली. शेवटच्या स्पीकरपाशी येऊन ती थबकली.

"पापा, ये तो गूंगा है!"

देवेंद्रनं तीनतीनदा बटणं दाबून पाहिली. काही केल्या आवाज येईना. ललिताला राहवेना.

"तारेचं टोक बरोबर सोलल्या गेलं नाही," ती हळूच म्हणाली. "वरचं प्लास्टिकच आत अडकलं हाय."

त्यानं टोक ओढून पाहिलं. खरंच की!

"ब्लेड दे," तो म्हणाला... आणि चपापला. या वेळी तो भिंतीशी बोलला नव्हता! दोनच शब्द, पण ललिताचे डोळे भरून आले. मशीनच्या खणातून ब्लेड काढून तिनं त्याच्या हातात दिलं.

पाचवा स्पीकर बोलू लागला. देवेंद्रनं खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवली.

"बाबा, या. साऱ्या स्पीकरचं तोंड या खुर्चीकडं केलं हाय. इथं बसनाऱ्यालेच खरा आवाज येते. ही तुमची जागा."

बाबा काठी टेकत आले. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, पण ते बसले नाहीत. 

"देवा, बंद कर ते. पयले मायं आयक... ते चिठ्ठी मी सांगतली होती. ललितानं नुसती लिवली. पाय धरून रडत होती रे पोरगी! दवाखान्यात तू तिले बोलला, ते मले खाटेवर आयकू येऊन राह्यलं होतं. तरी मी गप्प राह्यलो... तू तुटशीन, याचं भेव वाटे. या पोरीच्या आडोशानं नऊ वर्षं मी तुया बाप म्हणून मिरवलो!"

"पुरे करा बाबा, तुमच्या जीवाले त्रास हुईन!" ललिता धावली.

 स्वयंपाकघराच्या दारातून अपूर्वा पुढे आली.

"मले तवाच वाटलं होतं, ताई. त्या चिठ्ठीतली शाई जागोजागी पाण्यानं फुटली होती. दुष्ट माणूस लिवता लिवता रडन काहून? मी यायले कितीदा म्हटलं... पण हे आयकतच नव्हते."

"ताई!" देवेंद्र तिच्या पायांवर कोसळला. "काहून सांगतलं नाही तू? काहून?"

"तुले बाप राहावा म्हणून रे..."

"आन् बहीण? माया बहिणीचं काय?"

ललितानं त्याला उठवून छातीशी धरलं, आणि त्या एका क्षणात नऊ वर्षांचा वनवास आसवांत विरघळून गेला! मग तिनं त्याचा हात धरून बाबांच्या हातावर ठेवला. देवेंद्रनं तो क्षणभर तसाच राहू दिला... आणि मग घट्ट आवळला.

"आज बोललात ना बाबा. बस."

बाबांनी डोळे पुसले आणि लेकीला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. "हे तुयी जागा हाय, पोरी." ती उठू पाहत होती, पण ओवी टुणकन तिच्या मांडीवर चढून बसली. मग उठणार कशी?

सिनेमा सुरू झाला. एकाएकी पाठीमागून घोडे दौडत आले, तशी ललिता दचकून मागे वळली, आणि सारं घर हसून लोटपोट झालं! तेवढ्यात शेजारच्या जिजाबाई कमरेला पदर खोचून दारात हजर.

"काय व ललिता, घरात घोडे कोठून आणले?"

देवेंद्र ओशाळून बटणाकडे वळला. "ताई, आवाज कमी करू काय?"

"कमी काहून?" हसता हसता, रडता रडता ललिता म्हणाली. "वाढव रे, देवा! साऱ्या मोहल्ल्याले आयकू जाऊ दे... माया भाऊ घरी आला हाय!"