पोपटाच्या एकवीस सकाळी

गळ आणि दोऱ्या विकणाऱ्या त्या दुकानात अळ्यांचा एकच डबा उरला होता, आणि त्यावर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले.

मी हात मागे घेतला नाही. त्यानेही नाही. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती, माझी छत्री फरशीवर गळत होती आणि दुकानदार आळीपाळीने आमच्याकडे बघत होता.

"मला रविवारी मासे धरायला जायचंय," तो म्हणाला. कपाळावर सरकवलेलं भिंग काढायचं तो विसरला होता, त्यामुळे त्याला तीन डोळे असल्यासारखं वाटत होतं.

"आमचा पोपट आजारी आहे," मी म्हणाले.

"पोपट अळ्या खातो?"

"आमचा खातो."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं... आणि डबा माझ्या बाजूला सरकवला. मग काय झालंय म्हणून विचारलं. आठवडाभर कुणी नीट विचारलं नव्हतं, त्यामुळे मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. जबड्यात पू झालाय, तो हाडापर्यंत गेलाय. डॉक्टरीणबाईंनी एकवीस दिवस रोज जखम धुवायला सांगितलीय. एकाने तोंड उघडून धरायचं, दुसऱ्याने धुवायचं. घरी मी आणि आत्या, आणि आत्याचे हात कापतात.

त्याने आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. लांब बोटं, आणि अगदी स्थिर. "मी घड्याळं दुरुस्त करतो," तो म्हणाला. "सकाळी सातला चालेल? दुकान नऊला उघडतो."

समोरच्याच गल्लीत त्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं, माणूस सज्जन आहे, असं दुकानदाराने न विचारता सांगितलं. मी पत्ता दिला. तो पक्षी समजतोय हे मला कळत होतं. पण खरं सांगितलं तर तो यायचा नाही, हेही कळत होतं. मी गप्प बसले.

कारण आमचा पोपट हा पोपट नव्हता. तो सरडा होता. शेपटीची गुंडाळी करून फांदी धरणारा, रंग बदलणारा, डोक्यावर टोपीसारखा तुरा असलेला. हिरवागार म्हणून दादाने त्याचं नाव पोपट ठेवलं, आणि परदेशी नोकरीला जाताना चार दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे ठेवून गेला. त्याला सहा वर्षं झाली. आता पोपट आठ वर्षांचा होता, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने आपल्या नव्वदीतला. आई-बाबांच्या पश्चात मी आत्याकडे राहायला आले ती कपड्यांची एक बॅग आणि हा पिंजरा घेऊन. माझं असं म्हणावं ते तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो बरोबर सातला आला. हातात दोन हिरव्या मिरच्या होत्या, पोपटासाठी. मी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि पिंजऱ्यावरचं फडकं बाजूला केलं.

सरडे रंग बदलतात हे मी रोज बघत होते. माणसाचा रंग इतक्या झटक्यात बदलताना पहिल्यांदाच पाहिला.

"हा... सरडा आहे," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तुम्ही माझाच पोपट केलात."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मग त्याने हळूच सांगितलं की त्याला पालीचीसुद्धा भीती वाटते, लहानपणापासून. स्वयंपाकघरात पाल दिसली तर तो त्या दिवशी बाहेर जेवतो. मी माफी मागितली, परत गेलात तरी मला राग येणार नाही म्हणाले, आणि मनातून म्हणत होते, की नको ना जाऊस.

पोपट फांदीवर राखाडी होऊन बसला होता. गालाची एक बाजू सुजली होती. एक डोळा दाराशी उभ्या असलेल्या आत्याकडे होता, दुसरा त्याच्यावर.

"दुखतंय का त्याला?"

"खूप."

त्याने मिरच्या खिशात घातल्या आणि बाह्या वर सारल्या. "कुठे धरू?"

घड्याळाचं झाकण उघडायची त्याची एक प्लॅस्टिकची पट्टी होती, नखाएवढी पातळ. ती पोपटाच्या ओठांच्या कडेला हलकेच सरकवायची, तोंड उघडलं की तो धरून ठेवायचा आणि मी कापसाच्या बोळ्याने जखम धुवायची. मग औषधाचे थेंब, मग अळ्या वाटून केलेलं पातळ खाणं, थोडं थोडं. पहिल्या दिवशी त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, पण बोटं हलली नाहीत. काम झाल्यावर तो खुर्चीत बसला आणि आत्याने न सांगता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

तो रोज आला. सातच्या ठोक्याला बेल वाजायची आणि आत्या म्हणायची, "आला तुझा घड्याळवाला." माझा कशाने, असं मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. बारीक वस्तूंवर डोळे लावून बसणं दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे काम करताना आम्हाला फारसं बोलावं लागायचं नाही. पण एवढ्याशा तोंडाभोवती चार हात... बोटांना बोटं लागायचीच. मी कापूस बदलायच्या निमित्ताने हात काढून घ्यायचे. एका सकाळी मी त्याला म्हटलं, "तुम्ही डोळे फार मिचकावता. दुकानात या, नंबर काढून देते."

"मिचकावतो ते नंबरामुळे नाही," तो म्हणाला, पोपटावरची नजर न काढता.

त्या दिवशी मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली.

आठव्या दिवशी मात्र पोपट फांदीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता, काळपट, डोळे मिटून. सरड्याने दिवसाढवळ्या डोळे मिटणं चांगलं नसतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो एकशे चार ग्रॅम भरला. पहिल्या दिवशी एकशे अठरा होता. आम्ही दोघे त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी त्याच्या कातडीची घडी चिमटीत धरून पाहिली. ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपत आलंय, म्हणाल्या. तोंडात घातलेलं तो बाहेर टाकतोय. सुईने थोडं देते, पण आता त्याने स्वतः प्यायला हवं. "दोन दिवस बघू," त्या म्हणाल्या. "नाहीतर आपण त्याला सोडवू या. वय झालंय गं त्याचं."

घरी आल्यावर आत्याला सांगितलं. सहा वर्षांत तिने पोपटाला 'ते ध्यान' याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. ती आत गेली आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिली.

मला वाटलं, आता तो माझी समजूत घालील. त्याने भलतंच विचारलं. "हे प्राणी रानात पाणी कसे पितात?"

"पानावरचे थेंब चाटतात. ताटलीतलं पाणी त्यांना पाणी वाटतच नाही. मी फवारते, पण हा जागचा हलेपर्यंत पान सुकलेलं असतं."

तो उठला आणि गेला. तासाभराने परत आला तेव्हा हातात एक बाटली, बारीक नळी आणि भिंतीवरच्या कुठल्याशा जुन्या घड्याळातला पितळी स्क्रू होता. नळी पिंजऱ्याच्या छतातून आत घेतली, तोंडाशी स्क्रू बसवला, आणि भिंग डोळ्याला लावून तो स्क्रू केसाकेसाने फिरवत राहिला. शेवटी मनीप्लँटच्या पानावर थेंब पडू लागले. टप... दोन सेकंद... टप. आम्ही पोपटाला उचलून त्या पानाजवळ ठेवलं.

मी रजा टाकली. त्याने दुकान उघडलंच नाही. आम्ही फरशीवर शेजारी शेजारी बसून राहिलो. बाहेर पाऊस, आत थेंब. अकरा वाजले, बारा वाजले. आत्या येऊन बघून गेली. मी आशा सोडतच आले होते, तेवढ्यात पोपटाचा एक डोळा किलकिला झाला. मग दुसरा. मान अगदी हळू पुढे आली... आणि फिकट गुलाबी जीभ पानाला लागली.

पोपट थेंबामागून थेंब चाटत होता, म्हाताऱ्या माणसाने कढत चहा प्यावा तसा, दम खात. पाऊण तास तो पीत राहिला. आमचे खांदे एकमेकांना कधी टेकले ते कळलं नाही. कळलं तेव्हाही कुणी हललं नाही.

त्यानंतर काटा वर चढायला लागला. एकशे सात. एकशे अकरा. गालावरची सूज उतरली, राखाडी रंगातून हिरवा डोकावू लागला. आत्या शेजारणींना वजन सांगत सुटली. आणि मी? मी आनंदात होते, पण एका सकाळी जखम कोरडी दिसली तेव्हा मी बोटांवर उरलेले दिवस मोजले. बरा होतोय म्हणजे दिवस संपतायत. म्हाताऱ्या जिवाने आणखी चार दिवस आजारी राहावं असं एक क्षण वाटून गेलं, आणि मग दिवसभर मला पोपटाकडे बघवेना.

एकविसाव्या दिवशी पोपट एकशे एकवीस भरला. डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड उघडून तीनदा पाहिलं. एवढ्या वयाचा सरडा इथवरून परत आलेला आपण पाहिलेला नाही, म्हणाल्या. फक्त एक सांगितलं. जबडा बरा झालाय, पण किडा पकडायला जीभ पूर्वीसारखी फेकेल याची खात्री नाही. कदाचित कायम भरवावं लागेल.

दवाखान्याबाहेर आम्ही एका छत्रीत उभे राहिलो.

"मग... आता माझं काम नाही," तो म्हणाला.

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. तोंडातून निघालं ते "नाही."

त्याने मान हलवली, पोपटाच्या टोपलीवरून एक बोट फिरवलं, आणि पावसात निघून गेला. वाटभर मी स्वतःला नावं ठेवत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. बेल वाजली नाही. सव्वासात झाले. आत्या माझ्याकडे बघायचं टाळत होती. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी एक जिवंत नाकतोडा पानावर सोडला. पोपटाचे डोळे नेहमी दोन दिशांना असतात. ते एकदम पुढे वळले, दोन्ही, एकाच जागी रोखले गेले. तो पुढे झुकला. आणि फट्‌कन जीभ सुटली, त्याच्या अंगाएवढी लांब. पान रिकामं होतं. पोपट मटामटा चावत होता, लखलखीत हिरवा.

मी चप्पल घातली की नाही आठवत नाही. केस ओले होते. त्याच्या दुकानात शिरले तेव्हा समोर एक आजी टेबलावरचं घड्याळ घेऊन बसल्या होत्या, आणि भिंतीभर घड्याळं टिकटिकत होती.

"त्याने जीभ मारली," मी धापा टाकत म्हणाले. "नेमकी. तू बघायला हवं होतंस."

तो उठून उभा राहिला. भिंग त्याने डोळ्यावरून उतरवलं. "काय म्हणालीस?"

"जीभ मारली. नाकतोडा—"

"त्याच्याआधी. मला 'तू' म्हणालीस."

माझे कान तापले. पण आता मागे फिरायचं नव्हतं. "सातला वाट बघितली मी," मी म्हणाले. "बेल वाजली नाही."

"आलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "जिन्यापर्यंत. मग वाटलं, कशासाठी आलो म्हणून सांगू? कारणच उरलं नव्हतं."

"मी आहे ना कारण."

भिंतीवरची सगळी घड्याळं ऐकू येऊ लागली. तो काउंटरच्या मागून बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला, आणि एकवीस दिवसांत एकदाही न हललेली त्याची बोटं माझ्या हातात थरथरत होती.

"मला तर पहिल्या दिवसापासूनच तू आवडतेस," तो म्हणाला. "नाहीतर सरड्याच्या तोंडात हात घालायला मी काय वेडा आहे?"

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. चल, म्हणाले, आत्ताच्या आत्ता बघायला चल. आणि मग मला समोर बसलेल्या आजी दिसल्या. त्यालाही दिसल्या. तो ओशाळून त्यांच्या घड्याळाकडे वळला.

आजींनी घड्याळ त्याच्या पुढ्यात सरकवलं आणि पिशवी उचलली.

"जा रे बाबा," त्या म्हणाल्या. "ते बंदच आहे. त्याला कसली घाई?"