‘विद्युल्लता’चा उतरता सूर

जुन्या टेपमधले आवाज उलगडणाऱ्या ध्वनी-उत्खनन प्रयोगशाळेत श्रीपाद गुप्ते खुर्चीत बसले ते रुबाबातच. वय पंच्याऐंशी, पण मिरवायची हौस काही फिटली नव्हती. त्यांचा ‘विद्युल्लता’ हा विद्युत-रॉक गट एके काळी गाजला तो एकाच ध्वनिमुद्रिकेवर, आणि तेही तिच्या शेवटच्या सुरावर. थरथरत उतरत जाणारा तो सूर गटातल्या नलिनी टिपणीसचा, असं जग मानत होतं. श्रीपादकाका म्हणत, तो माझा.

नलिनी त्या ध्वनिमुद्रणाच्याच दिवशी स्टुडिओत विजेचा धक्का बसून गेली. आम्ही बाकीचे तेव्हा चहाला गेलो होतो, असं काका सांगत. तिची तान्ही मुलगी त्यांनीच वाढवली. तीच इरावती आता या प्रयोगशाळेची प्रमुख होती.

“काका, आईचा तेवढाच सूर माझ्याकडे आहे. तो कोणाचा, ते खरंच तपासायचं?”

“तिचं पुष्कळ नाव झालं, इरा. आता माझं होऊ दे की थोडं!”

इरावतीला ते फार लागलं. तिने टेप चढवली.

“सूर काढणाऱ्या त्या विजेच्या यंत्राचं, स्वरदोलकाचं, झाकण तुम्हीच काढलं होतं ना?”

“अर्थात! उघड्या दोलकाजवळ शरीर आलं की सूर उतरतो. हातसुद्धा लावावा लागत नाही.”

“आणि शरीरात हृदय चालू असतं. प्रत्येक ठोक्याला सूर केसभर हलतो. मी तेवढं हलणं वेगळं काढते.”

“माझं हृदय लहानपणापासून मधूनच ठोका गाळतं. बघ, लगेच सापडेन.”

सापडले. काकांनी टाळी वाजवली. पण पडद्यावर दुसरीही रेघ उमटली होती.

“इथे आणखी एक हृदय आहे,” इरावती म्हणाली. “सूर उतरतोय तो या दुसऱ्या शरीरामुळे. ते दोलकावर कलंडतंय. आणि या भागात विजेची घरघर अजिबात नाही, काका. आधीच्या गाण्यांत आहे.”

“घरघर जावी म्हणून मीच अर्थिंगची तार काढली...” काका सवयीने ऐटीत बोलले आणि अडखळले.

इरावतीने पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. “म्हणून आईला धक्का बसला. तुमचे ठोके एकदम धावायला लागतात, म्हणजे तुम्ही पाहिलंत. मग तुमची रेघ बारीक होत जाते, म्हणजे तुम्ही दोलकापासून मागे सरकलात.”

“घाबरलो होतो गं. मेन स्विच बंद करायलाच धावलो.”

“वीज तोडली असती तर सूर थांबला असता. तो टेप संपेपर्यंत चालू आहे. आईचं हृदयही.”

काकांनी तोंड झाकून घेतलं. मग ते पुटपुटले, “तसा सूर पुन्हा मिळाला नसता... इरा, मी तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. सूर तिचाच राहू दे. मला काही नको.”

“नाही काका,” इरावतीने डोळे पुसले आणि अहवाल उघडला. “तार तुम्ही काढलीत, वीज तुम्ही चालू ठेवलीत. सूर तुमचाच आहे. तुमच्या नावानेच जाहीर करते, आणि तो कसा काढलात तेही लिहिते.”