तीन कोपऱ्यांचा तारा

अशी कल्पना करा, की तुम्ही एका गच्चीवरच्या गोल छपराच्या खोलीत उभे आहात. मधोमध तुमच्याहून उंच दुर्बीण. तिच्या नळीच्या तळाशी ताटाएवढा आरसा, वरच्या टोकाशी बाजूला कॅमेरा. समोरच्या पडद्यावर काल काढलेला आकाशाचा फोटो. आणि त्यातला एकूण एक तारा... तिकोनी!

"तारे कधी तिकोनी असतात का?" ढापणीनं चष्मा वर सरकवत विचारलं. ती सुट्टीला मामाकडे आली होती.

"नसतात गं," मामी खुर्चीत बसून म्हणाली. "आरसाच बिघडलाय. गेल्या आठवड्यात मी तो धुतला, आणि तेव्हापासून हे असं. पाच वाजता गाडी येईल आणि तो घासायला घेऊन जाईल. तीन महिन्यांसाठी!"

"आणि धूमकेतू?" धाकटीनं विचारलं. ही मामीची मुलगी. सगळ्यांच्या मागे मागे फिरते म्हणून तिचं नाव शेपूट.

आज संध्याकाळपासून चारच दिवस धूमकेतू दिसणार होता. सात वर्षं मामी त्याची वाट बघत होती. शिवाय ही दुर्बीण ज्या हौशी तारामंडळाची होती, त्याच्या अध्यक्षकाकांनी बजावलं होतं, की यापुढे मामीनं दुर्बिणीला हात लावायचा नाही.

"पण आई, आरसाच बिघडला कशावरून?" हा शेपटीचा थोरला भाऊ. दर वाक्याला शंका काढतो, म्हणून शंकासुर. "कॅमेरासुद्धा तिरका बसलेला असू शकतो!"

ढापणी टुणकन उठली. "बरोबर! संशयित दोन आहेत. दोघांची उलटतपासणी घेऊ! मामी, कॅमेरा अर्धा गोल फिरवला तर? दोष कॅमेऱ्याचा असेल, तर फोटोतला तिकोन आहे तसाच राहील. दोष दुर्बिणीचा असेल, तर तिकोन उलटा दिसेल!"

मामीनं चमकून तिच्याकडे बघितलं. "हे मला कसं सुचलं नाही?"

"पण भरदुपारी तारा आणणार कुठून?" शंकासुराची शंका तयारच होती.

तारा सायकलच्या चाकातून आला! जुन्या चाकातला पोलादी छर्रा काळ्या कापडावर चिकटवून शंकासुरानं पलीकडच्या गच्चीवरच्या टाकीवर ठेवला. उन्हात तो टिंबासारखा लखलखला. सूर्य नेमका दुर्बिणीच्या पाठीमागे होता. मामीनं तिघांना दम भरला, "सूर्याकडे दुर्बीण वळवायची नाही. कधीच नाही. डोळे जातात!"

पहिला फोटो निघाला. तिकोनी तारा, टोक वर. कॅमेरा फिरवून दुसरा काढला. टोक खाली!

"कॅमेरा निर्दोष!" ढापणी ओरडली.

"म्हणजे आरसाच ना," मामी हळूच म्हणाली.

आता गाडीत द्यायला आरसा बाहेर काढायचाच होता. मामीनं तो चौकटीसकट अलगद टेबलावर ठेवला. शेपटीनं वाकून बघितलं आणि बोटांवर मोजलं. "एक, दोन, तीन. आई, ताऱ्याला तीन कोपरे, आणि आरशाला धरणारे चिमटेपण तीनच!"



मामीनं एका चिमट्याखाली कागद सरकवून बघितला. जाईना! "अरे, मी तर हे बोटांनीच बसवले होते. कागद आत-बाहेर होईल इतके ढिले. काच दगडासारखी दिसते, पण दाबली की वाकते. केसाच्या शंभराव्या भागाइतकी वाकली, तरी ताऱ्याचा आकार बिघडतो."

"मग आवळले कोणी? स्क्रूवर ताजे ओरखडे आहेत," शंकासुर म्हणाला.

इतक्यात जिना दणदणला. अध्यक्षकाका! शंकासुर तोंड उघडणार, तोच ढापणीनं त्याला चिमटा काढला आणि गोड आवाजात विचारलं, "काका, तुम्ही कारखान्यात फिटर होतात ना? स्क्रू कसा आवळावा हो?"

काकांची छाती फुगली. "असा, की पुन्हा हलता कामा नये! चाळीस वर्षं हेच केलं. हेच बघ ना! तुझ्या मामीनं आरसा धुऊन बसवला, पण चिमटे? सगळे खुळखुळे! दुसऱ्या दिवशी मीच येऊन करकचून आवळले, म्हणून बरं!"

"सापडला!" शेपूट टाळ्या पिटत नाचली.

"कोण सापडला?" काका गोंधळले.

शंकासुरानं दोन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले. काकांनी फोटो बघितले, चिमटे बघितले आणि खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. "पण खात्री काय?"

"वा काका, आता तुम्हीही शंका काढायला लागलात!" शंकासुर खूश झाला.

साडेचार वाजले होते. मामीनं चिमटे ढिले केले आणि आरसा परत बसवला. आता तो कॅमेऱ्याच्या रेषेत आणायचा होता. मामी कॅमेरा काढून त्याच्या जागच्या भोकातून आरशाच्या मधल्या ठिपक्याकडे बघत होती, ढापणी खाली स्क्रू फिरवत होती.

"जरा डावा... अगं, जास्त झालं! मागे ये. अजून केसभर. बस्स!"

फोटो निघाला. सगळ्यांनी श्वास रोखला. पडद्यावर एक बारीक, गोल गरगरीत टिंब!

"जिंकलो!" तिघांनी इतका गलका केला, की खालून गाडीवाला धावत वर आला. "आरसा कुठाय? मी काय नेऊ?"

"रिकामी गाडी!" शेपूट म्हणाली.

काका मामीसमोर उभे राहिले. "वहिनी, चूक माझी, आणि बोल तुम्हाला लावला. दुर्बीण तुमच्याच हातात शोभते. आणि पोरांनो, चाळीस वर्षं मी लोखंड ओळखत आलो, पण काच मला आज तुम्ही शिकवलीत. शाब्बास!"

मामीचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नव्हते. ती दुर्बीण पश्चिमेकडे वळवायच्या तयारीला लागली होती. सूर्य पुरता बुडाला, की धूमकेतू दिसणार होता.

ढापणीनं मात्र एक खडू शोधला आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आरशाचे चिमटे ढिलेच असतात. ढिलेच ठेवावेत!' मग तिनं तो खडू काकांच्या हातात दिला आणि खाली त्यांची सही घेतली.