कारणाचा रकाना

ग्रंथालयाची लिफ्ट दुरुस्त करून मी हात पुसत बाहेर आले आणि एकाएकी छातीत धडधडायला लागलं. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या. आपण मरतोय, एवढंच कळत होतं. लिफ्टच्या टपावर उभी राहून काम करणारी बाई मी, आणि घाबरले कशाला, तर रिकाम्या व्हरांड्याला!

पुस्तकांची गाडी ढकलत ग्रंथपाल आला. गाडी सोडून तो सरळ माझ्या शेजारी फरशीवर बसला.

"बोलू नका. मी आहे इथे. जरा उतरलं की डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत होतं.

"हा पॅनिक अटॅक. कधीकधी काहीच कारण नसताना येतो. चढतो, थोड्या वेळाने उतरतो. जीव जात नाही. त्याच्यापासून पळू मात्र नका."

कारण नसताना? आगीशिवाय धूर निघतो कधी? आमच्या तक्रारवहीत 'कारण' हा रकाना भरल्याशिवाय बिघाड मिटला असं लिहिताच येत नाही. मी घरी तशीच एक वही आखली. तारीख, वेळ, कारण.

आठवड्याने ग्रंथपालाचा फोन आला. "लिफ्टमधून आवाज येतोय."

मी गेले. लिफ्ट जराही आवाज न करता चालत होती.

"कुठे आहे आवाज?"

"नाहीये..." तो कानापर्यंत लाल झाला. "पण तुम्हाला बोलवायचं कसं?"

"या, म्हणायचं. आले असते मी."

मग चहा झाले, तलावाकाठच्या फेऱ्या झाल्या, 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो हळू बोलायचा, आणि मी बोलत असले की पापणी न हलवता ऐकायचा. मला तो फार आवडायला लागला.

दुसरा अटॅक आला तो तलावाकाठी. तिसरा, तो पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा. वही उघडली नि लख्ख दिसलं — तिन्ही वेळा जवळ कोण होतं? मी रकान्यात लिहिलं, 'तो'.

"आपण आता भेटायला नको," मी म्हटलं.

"माझं काही चुकलं?"

"नाही. पण... तुझ्यामुळे होतंय हे."

तो उठला. "मग जातो मी. तुला बरं वाटू दे."

तीन आठवडे काही झालं नाही. वही खरी ठरली. मी मात्र घरात कुणाशी धड बोलत नव्हते.

रविवारी आईबरोबर मटार सोलत होते. दादाने काहीतरी पाचकळ विनोद केला, मी कितीतरी दिवसांनी हसले आणि त्याच हसण्यात श्वास अडकला. तीच धडधड, त्याच मुंग्या.

"अगं, काय होतंय? कशाने?" आईने मला धरलं.

"कशानेच नाही गं..." आणि मी हुंदके देत रडायला लागले. भीती होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्याचं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली होती, बस्स. त्यात मी एका चांगल्या माणसाला हाकलून दिलं होतं.

सोमवारी ग्रंथालय उघडताच त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"माझं चुकलं. तू कारण नव्हतास. कारण असं काही नाहीच..."

एवढं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू झालं. पाय आपोआप दाराकडे वळले. तो ताडकन उठला.

"पाणी आणतो. नंतर बोलू."

"नको... आत्ताच." मी टेबलाची कड धरली. श्वास सावकाश सोडला. "हे येत राहील. कमी होईल म्हणतात, पण येईल. लग्नानंतरही येईल. चालेल... तुला?"

"तू मला लग्नाचं विचारतेयस?"

"हो. लवकर सांग, पाय थरथरतायत माझे."

त्याने खुर्ची पुढे ओढली. त्याचे डोळे भरून आले होते.

"आधी बस. मग हो म्हणतो."

मी बसले. तो हो म्हणाला तेव्हाही छाती धडधडतच होती, पण मी उठले नाही.