कमलम्मांचा दुभाषी

"मॅडम, अव्वाला मराठी कळतं सगळं, पण दुखणं सांगायचं म्हटलं की तिला कन्नडच सुचतं. मी सांगतो की तुम्हाला."

असं दारातूनच बोलत तो आत आला. मागोमाग उजवा हात डाव्या हातानं सावरत त्याची आई. वैदेहीनं मान वर केली. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं, खिडकीतला कूलर नुसताच घरघरत होता… आणि त्या मुलाच्या बाहीला ज्वारीचं पीठ लागलेलं होतं, त्याला पत्ताच नव्हता.

वैदेही सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. आलेल्या बाई म्हणजे कमलम्मा. बाळीवेशीत त्यांचं कडक भाकरीचं आणि शेंगाचटणीचं दुकान. उभा जन्म भाकऱ्या थापण्यात गेला, आता खांदा आखडून बसला होता. मुलाचं नाव शरणबसव.

"कधीपासून दुखतंय?" वैदेहीनं विचारलं.

कमलम्मा कन्नडमधून भरभरून बोलल्या. संक्रांतीपासून दुखतंय, रात्री कूस बदलता येत नाही… आणि शेवटी मुलाकडं वळून, "हुडगी छलो अदाळ. मदिवि आग्यादेनु, केळ." पोरगी चांगली आहे. लग्न झालंय का, विचार.

शरणबसवचे कान लाल झाले. "संक्रांतीपासून, म्हणते," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच की."

वैदेहीनं खाली बघून हसू गिळलं. तिला शब्द न् शब्द कळला होता.

तिचे पपा मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. मूळ गाव वैराग, पण ती तिथं फक्त सुट्टीत जायची. जबलपूर, तेजपूर, जामनगर, अंबाला… मधली चार वर्षं बेळगाव. तिथं शेजारच्या मुलींबरोबर लगोरी खेळता खेळता कन्नड जिभेवर बसलं. मग एके दिवशी नेहमीसारखाच बदलीचा ट्रक आला, काळ्या ट्रंका चढल्या आणि त्या मुली मागं राहिल्या. पत्रं लिहायचं ठरलं होतं. दोन-चार आली, मग थांबली. अशी तीन-चार गावं सुटल्यावर वैदेहीनं एक शहाणपण केलं – कुणात फार गुंतायचंच नाही. निघताना मग रडू येत नाही.

कन्नड येतं, हे तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. आधी गंमत म्हणून. मग… सांगावंसंच वाटेना.

कारण एक दिवसाआड ते दोघं यायचे आणि ती हळूहळू त्या वेळेची वाट बघायला लागली होती. शरणबसव खुर्ची ओढून बसायचा आणि आईच्या बोलण्याचं सोयीस्कर भाषांतर करायचा. "हिचे हात कसे घट्ट आहेत, भाकरी छान थापेल," असं कमलम्मा म्हणाल्या, की तो गंभीरपणे सांगायचा, "थोडं बरं वाटतंय, म्हणते."

"तुमची कन्नड फार लांबलचक भाषा आहे हो," वैदेही एकदा म्हणाली.

"लई. आणि मराठी कशी… आटोपशीर."

"की दुभाषीच आटोपशीर?"

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं, ओठांवर उशिरा पोचायचं. वैदेहीच्या ते लक्षात आलं होतं. इतक्या गोष्टी लक्षात यायला नको होत्या खरं तर…

आणि मग तो दिवस आला. कमलम्मांनी हात चक्क डोक्याच्या वर नेला. वैदेहीनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शरणबसवचा फोन वाजला. मित्र होता, शिवानंद. खिडकीशी जाऊन, पण चांगल्या मोठ्या आवाजात, तो कन्नडमधून म्हणाला, "अव्वाचा खांदा बरा व्हायला लागलाय रे. आणि मला वाईट वाटतंय! कसला मुलगा मी? बरा झाला, की या मॅडम परत कुठं दिसणार…"

वैदेहीच्या तोंडून निघून गेलं. अस्सल बेळगावी कन्नडमध्ये. "मग पुन्हा थोडा आखडवून देऊ का?"

शरणबसव फोन कानाला तसाच धरून वळला. मग कमलम्मा अशा हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. शरणबसव मात्र हसला नाही. फोन खिशात टाकून, "मी… बाहेर थांबतो," म्हणाला आणि गेला.

पुढच्या वेळी कमलम्मांबरोबर शेजारच्या धनलक्ष्मी आल्या. त्याच्या पुढच्या वेळीही.

"लाजतोय," कमलम्मा म्हणाल्या. "तुला चेष्टा करायची होती आमची, असं वाटतंय त्याला."

वैदेही त्या दिवशी लवकरच निघाली. घरी गेली तर पपा हातोडी घेऊन भिंतीला खिळे ठोकत होते. सरकारी क्वार्टरमध्ये खिळा ठोकला की सोडताना पगारातून पैसे कापायचे, म्हणून आता निवृत्तीनंतर घेतलेल्या स्वतःच्या घरात त्यांची हौस भागत नव्हती.

"ममा, हैदराबादच्या हॉस्पिटलनं बोलावलंय," वैदेही म्हणाली. "जावं म्हणते."

"इथलं काम आवडत नाही?"

"आवडतं… पण वर्ष झालं ना आता."

ममानं हातातली भाजी खाली ठेवली. "वैदू, जायचं असेल तर जरूर जा. पण एक ध्यानात ठेव. आता न्यायला ट्रक येणार नाहीये. आजवर आपल्याला हलवत होते, आता जाशील ती तू जाशील."

ते बोलणं तिच्या मनातून जाईना. आजवर ती कुणालाच सोडून गेली नव्हती, तिला नेलं गेलं होतं. आणि मागं वळून कुणाला गाठायचं कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं. कधी वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाळीवेशीत उतरली. पत्ता विचारावा लागला नाही. भाजलेल्या शेंगांचा आणि लसणाचा खमंग वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. शरणबसव गल्ल्यावर होता. तिला बघून ताडकन उभा राहिला.

"अव्वा देवळात गेलीय, मॅडम."

"मी दुभाष्याकडं आलेय."

तिनं एक खोल श्वास घेतला. "चेष्टा नव्हती करायची. तुम्ही बोलत राहावं, म्हणून गप्प होते. सांगितलं असतं, तर तुम्ही जपून बोलला असता… चुकलंच माझं."

"चुकलं कसलं." तो समोरच्या पुड्या उगाच सारख्या करत म्हणाला, "तुम्ही एवढा देश बघितलेला. मी एक सोलापूर सोडून कुठं राहिलो न्हाय. मला वाटलं, घरी जाऊन हसला असाल."

"हसले ना, रोज. ममा विचारायची, काय झालंय तुला." तिनं पर्स गल्ल्यावर ठेवली. "इतकी गावं झाली माझी, शरणबसव. पण कुणाला भेटायला मी आपणहून परत गेलेय, असं आज पहिल्यांदाच झालंय."

त्याचे हात थांबले.

"धनलक्ष्मीअक्का दवाखान्यात ऐकून आली… तुम्ही हैदराबादला निघालाय, म्हणून."

"हॉस्पिटलला सकाळीच 'येत नाही' म्हणून कळवलंय." आणि तो काही बोलायच्या आत, "तुमच्यासाठी नाही हं! मला इथं आवडतं. राहून बघायचंय एखाद्या गावात. नीट."

"माझ्यासाठी न्हाय?"

"थोडंसं… असेलही."

आता ते हसू आलं. आधी डोळ्यांत.

"मला एक बोलायचंय," तो म्हणाला. "कुठल्या भाषेत बोलू? आता दोन्हीकडनं पकडला जाणार मी."

"ज्यात भाषांतर लागणार नाही, त्यात."

तो गल्ल्यामागून बाहेर आला. समोर उभा राहिला. ओठ हलले, थांबले… आणि मग त्यानं काहीच न बोलता आपला हात पुढं केला. तिनं त्या हातात हात दिला. तिचे हात घट्ट होते खरे, पण आत्ता त्यांची पकड अगदी हळुवार होती.

"आवडता तुम्ही मला," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"तुम्ही काय… तू म्हण की."

सोलापुरी 'की' आपल्या तोंडून कधी निघाला, तिचं तिलाच कळलं नाही. तो मात्र खदखदून हसला, आणि पर्समधला तिचा फोन वाजायला लागला. पपा होते.

"वैदू, अंधार पडला. कुठं आहेस? घ्यायला येऊ का?"

"नको, पपा." तिनं शरणबसवकडं बघितलं. "सोडायला येतंय कुणीतरी. ममाला म्हणावं, एक ताट जास्त मांड."