बाकीचे येतीलच

बुधवारी दुपारी पूर्वी लिफ्टमधून बाहेर आली, तेव्हा रिसेप्शनच्या टेबलाकडे एक उंच मुलगा निघाला होता, हातात भली मोठी पिवळी छत्री. ऑफिसच्या किचनमध्ये बुधवारच्या सामूहिक फेरफटक्याचं, 'वेलबीइंग वॉक'चं पोस्टर होतं, त्यावर हीच छत्री होती.

"वेलबीइंग वॉक इथूनच ना?" तिनं इंग्रजीत विचारलं.

तो थबकला. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून थेट मराठीत म्हणाला, "हो... इथूनच. मी अवधूत, चौथ्या मजल्यावर टेस्टिंगला असतो. थांब जरा, बाकीचे येतीलच."

बाकीचं कुणी आलं नाही. दोघंच निघाले, बंदराच्या कडेनं. पाऊस धड पडत नव्हता आणि धड थांबतही नव्हता.

ती तरी कुठे हौसेनं आली होती? मीटिंगमध्ये एका साध्या प्रश्नावर तिचे डोळे भरून आले, तेव्हा मॅनेजरनं सांगितलं होतं की जरा डेस्कवरून उठत जा. इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलला येऊन वर्ष होत आलं होतं. कामापलीकडे तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. शनिवार-रविवार तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि सोमवारी पहिलं 'मॉर्निंग' म्हणताना घसा बसलेला असायचा.

"कशी आहेस?" अवधूतनं विचारलं.

"ठीक."

"हे ऑफिसचं उत्तर झालं. पुलापर्यंत वेळ आहे, दुसरं शोध."

तिला हसू आलं. पुलापाशी पोचल्यावर ती हळूच म्हणाली, "झोप लागत नाही... लागली तर स्वप्नातही कोड लिहीत असते."

"ओव्हरटाइम क्लेम करतेस ना त्याचा?"

किती दिवसांनी ती अशी खळखळून हसली!

मग दर बुधवारी तेच. पिवळी छत्री, तेच 'बाकीचे येतीलच', आणि कुणीच न येणं. "खांदे खाली सोड, कानांना टेकलेत," असं तो दटावायचा. आपल्या डब्यातलं अर्धं थालीपीठ तिच्या हातावर ठेवायचा. ती आता मंगळवारपासूनच खिडकीबाहेर बघायला लागली होती. झोपही जरा लागू लागली होती.

एका सोमवारी एचआरमधली हेलन किचनमध्ये भेटली. पूर्वीनं सहज वॉकचा विषय काढला. हेलनला नवल वाटलं. "तो अजून चालू आहे? कुणी येत नाही म्हणून आम्ही तो केव्हाच बंद केला."

अवधूतला विचारलं तर तो यायचा थांबेल, अशी पूर्वीला भीती वाटली. बुधवारी ती मुकाट्यानं खाली गेली.

"बाकीचे येतीलच," अवधूत म्हणाला.

"येतील की," पूर्वी म्हणाली.

पुढच्या बुधवारी मात्र दारात कुणीच नव्हतं. तिनं बरीच वाट पाहिली, मग तडक चौथा मजला गाठला. अवधूत स्क्रीनला चिकटून बसला होता. डोळे लाल, शेजारी गार झालेला चहा, डबा न उघडलेला.

"सॉरी, रिलीज आहे गं. आज तू जा ना, बाकीचे—"

"बाकीचं कुणी येणार नाही, अवधूत. वॉक बंद झालाय."

तो स्क्रीनकडेच बघत राहिला. "तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

"तरी आलीस?"

"तू का येत होतास?"

"वॉक बंद झाला म्हणून पहिल्या दिवशी मी ती छत्री रिसेप्शनला परत द्यायला निघालो होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात तू येऊन विचारलंस... आणि मला नाही म्हणवेना."

पूर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी तिनं ते लपवलं नाही.

"कसा आहेस?" तिनं विचारलं.

"ठीक."

"हे ऑफिसचं उत्तर झालं."

अवधूतनं डोळे चोळले. "दमलोय," तो म्हणाला. "आणि फार एकटा आहे गं. आठवडाभर तुझ्याच वाटेकडे डोळे लावून असतो."

तिनं हात पुढे करून त्याचा लॅपटॉप मिटला. टेबलाखालची छत्री उचलली.

"चल, पुलापर्यंत. आज छत्री मी धरते. आणि शनिवारीही यायचं."

"शनिवारी कुठे असतो वॉक?"

"बुधवारी तरी कुठे असतो?" पूर्वी म्हणाली.